सगळ्यात खराब रस्ता आधी घेऊ नका: अपुऱ्या निधीत ६० किलोमीटर सांभाळताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: परभणी जिल्ह्यात बांधकाम खात्यात अभियंता म्हणून नव्याने रुजू झालात, शाखेकडे सुमारे ६० किलोमीटर दुपदरी राज्य महामार्ग आला, मागणीच्या जेमतेम तिसरा हिस्सा निधी मिळतो. अशा वेळी सगळ्यात खराब भागापासून सुरुवात करावी की सगळीकडे थोडंथोडं करावं? आणि जाता जाता, पावसाळ्यात पिशवीतलं तयार कोल्ड मिक्स (न तापवता वापरायचा डांबर-खडीचा माल) परवडतं का?

निधी अपुरा असणं काही नवीन नाही. मी नोकरीत असताना तो अपुरा होता, तुम्ही निवृत्त व्हाल तेव्हाही असेल. तुमच्या हातात आहे ते एवढंच: कुठला किलोमीटर आधी घ्यायचा आणि कुठला मुद्दाम मागे ठेवायचा. तुम्ही विचारलेले दोन्ही पर्याय मला पटत नाहीत. सगळ्यात खराब भाग आधी घेतला तर वर्षाचा सगळा निधी चार-पाच किलोमीटरमध्ये गडप होतो, आणि तोवर आज बरे असलेले दहा किलोमीटर हाताबाहेर जातात. सगळीकडे थोडंथोडं करायचं म्हणजे प्रत्येक गावाला कार्पेटचा, म्हणजे पातळ डांबरी थराचा, एकेक तुकडा द्यायचा. तो फोटोत छान दिसतो, दुसऱ्या पावसाळ्यात उखडतो.

आधी अटी सांगतो, म्हणजे पुढचं आंधळेपणाने लागू करणार नाही. किती जड वाहतूक आहे, खाली काळी माती किती खोल आहे, आजूबाजूला बागायत आहे का, जुने थर कोणते आणि किती जाडीचे, आणि कुठला तुकडा अजून ठेकेदाराच्या दोष दायित्व कालावधीत (काम झाल्यावर दोष स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) आहे, यावर बरंच अवलंबून आहे. शेवटची बाब सगळ्यात आधी तपासा. करार काढा, प्रत्येक तुकड्याची मुदत संपायची तारीख एका कागदावर लिहा, आणि मुदत संपायच्या आधीच्या पावसाळ्यात संयुक्त पाहणी लावून दोषांची यादी लेखी द्या. जे काम ठेकेदाराने स्वखर्चाने करायचं आहे त्यावर विभागाचा निधी टाकला जाणं फारसं दुर्मीळ नाही. कारण एकच, तारखा कुणी एकत्र लिहिलेल्या नसतात.

मग रस्ता बघा, आणि दोनदा बघा. एकदा एप्रिल-मेमध्ये, एकदा भर पावसात. जीपमधून नाही, चालत. एका दिवसात ६० किलोमीटर होणार नाहीत, रोज थोडे करा. बरोबर साखळी क्रमांकाची (रस्त्यावरचं अंतर दाखवणारे क्रमांक) वही, तीन मीटरची सरळ पट्टी आणि एक टेप पुरे. प्रत्येक तुकड्यापुढे तडे कसे आहेत ते लिहा: कडेने लांब गेलेले, आडवे, की चाकाच्या पट्ट्यातले जाळीदार. जाळीदार तडे असतील आणि त्यांतून पांढुरकी माती वर येत असेल तर खालचा थर गेला असं समजा. तिथे वरून कितीही डांबर ओता, उपयोग नाही. फक्त कडेने लांब तडा असेल तर तो रस्ता अजून वाचवता येतो.

यातून तीन गठ्ठे पडतात. पहिला: वरून बरा, किरकोळ तडे, फक्त पाणी आणि कडा सांभाळायच्या. दुसरा: पृष्ठभाग थकला आहे, तडे पसरू लागलेत, पण पाया शाबूत आहे. तिसरा: गेलेला. पैसा कुठे सगळ्यात जास्त उपयोगी पडतो? दुसऱ्या गठ्ठ्यात. आणि सगळ्यात कमी पैशात सगळ्यात मोठं काम कुठे होतं? पहिल्या गठ्ठ्यात.

कारण असं की डांबरी रस्ता सारख्या गतीने खराब होत नाही. पहिली काही वर्षं तो हळूहळू झिजतो, मग तड्यांतून पाणी खाली उतरलं की दोन पावसाळ्यांत कोसळतो. कोसळण्याच्या आधी केलेलं काम आणि नंतर केलेलं काम यांच्यातला फरक आकड्यांत बघा. सात मीटर रुंदीचा एक किलोमीटर म्हणजे ७,००० चौरस मीटर. त्यावर ३० मिलिमीटरचा बीसी (सगळ्यात वरचा डांबरी थर) टाकला तर सुमारे २१० घनमीटर, म्हणजे साधारण ५०० टन माल लागतो. तोच किलोमीटर पाया गेल्यावर नव्याने करायचा, समजा २०० मिलिमीटर जीएसबी (सगळ्यात खालचा खडी-मुरमाचा थर), २५० मिलिमीटर डब्ल्यूएमएम (पाणी मिसळून दाबलेली खडी), त्यावर ५० मिलिमीटर डीबीएम (खालचा डांबरी थर) आणि ३० मिलिमीटर बीसी, तर सगळं मिळून ८,००० टनांच्या आसपास जातं, वर खोदाई आणि मुरूम वेगळाच. रुपयांतली तफावत वजनाइतकी नसते, कारण डांबरी मालाचा टनाचा दर खडीच्या कितीतरी पट असतो. तरीही एका किलोमीटरच्या पुनर्बांधणीच्या पैशात दुसऱ्या गठ्ठ्यातले कित्येक किलोमीटर होतात. जागतिक बँकेने १९८८ साली ८५ विकसनशील देशांच्या रस्त्यांचा असाच हिशेब मांडला होता: वेळेवर सुमारे १२ अब्ज डॉलर देखभालीवर खर्च झाले असते तर ४५ अब्ज डॉलरचे रस्ते वाचले असते. आपल्या तालुक्यातलं गणितही त्याच वळणाचं आहे.

आता मराठवाड्याचं म्हणून जे वेगळं आहे त्याकडे येतो. पुस्तकात देखभालीचं प्रकरण डांबरापासून सुरू होतं, आपल्याकडे ते साईडपट्टी (डांबराच्या बाजूची कच्ची पट्टी) आणि चरीपासून (कडेने पाणी वाहून नेणारा खोदलेला नाला) सुरू झालं पाहिजे. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. रस्त्याच्या मध्याखालचा ओलावा बाराही महिने बराचसा स्थिर असतो. कडेखालचा मात्र एप्रिल-मेमध्ये पार उडतो. शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात तेव्हा तशीच भेग तुमच्या साईडपट्टीखालीही पडलेली असते. मग कड खचते आणि डांबराच्या कडेपासून फूट-दोन फूट आत एक लांब तडा जातो. कडेला वेड्या बाभळी वाढल्या असतील तर तिथे तो आधी आणि जास्त रुंद दिसतो, कारण मुळं उरलासुरला ओलावा ओढून घेतात. जूनच्या पहिल्या पावसाचं पाणी नेमकं याच तड्यातून खाली जातं, आणि समोरच्या गाडीला बाजू देताना ट्रकचं डावं चाक नेमकं याच पट्ट्यावरून जातं. कड तुटते ती इथे. म्हणून हा तडा मे महिन्यात भरला पाहिजे. साफ करून, हवेने धूळ उडवून, बारीक असेल तर इमल्शनने (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर), रुंद असेल तर इमल्शन आणि खडीची भुकटी मिसळून. अंदाजपत्रकात ही बाब एवढी लहान दिसते की वरिष्ठ ती सहज खोडतात. खोडू देऊ नका.

पाऊस थांबल्यावर पंधरा मिनिटांनी रस्त्यावर उभे राहा आणि कडेची पांढरी रेघ बघा. रेघेला लागून पाण्याची लांब पट्टी उभी असेल तर साईडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली आहे. दरवर्षी मुरूम टाकत गेलं, खरवडला कुणी नाही, की हे होतंच. डांबरी रस्त्याला दोन-अडीच टक्के उतार असतो. कच्च्या साईडपट्टीला त्याहून अर्धा टक्का जास्त आणि कमीत कमी तीन टक्के उतार हवा. अशा ठिकाणी नवा मुरूम विकत घेऊ नका. ग्रेडर लावून आहे तोच खाली घ्या. पैसे वाचतात आणि पाणीही निघून जातं. जिथे साईडपट्टी खाली गेली आहे तिथे मात्र चांगला मुरूम आणून, पाणी मारून, रोलर फिरवून भरा. शेजारच्या शेतातली काळी माती जेसीबीने ओढून टाकणं म्हणजे पैसे देऊन रस्ता खराब करणं.

चरींचं दुखणं वेगळं आहे. शेतकरी शेतात बैलगाडी-ट्रॅक्टर न्यायला चर बुजवून वाट करतो. त्याचं चुकत नाही, त्याला दुसरी वाट आपण दिलेलीच नसते. पण अशा पाच-सहा वाटा झाल्या की चरीचं तळं होतं आणि रस्त्याची पूर्ण बाजू पाण्यात बसते. भांडण करून ती वाट निघत नाही. तिथे पाईप टाकून द्या, आणि ३०० मिलिमीटरचा नको, तो पहिल्याच वर्षी गाळ आणि कडब्याने तुंबतो. ६०० मिलिमीटरचा टाका, म्हणजे आतून साफ करता येतो. रस्ता आडवा खोदून नेलेल्या पाइपलाइनचंही तसंच. रात्रीत खोदून सकाळी माती लोटलेली चर वर्षभर खचत राहते. खोदाईची परवानगी, बुजवणं आणि अनामत रक्कम यांचा एक सरळ नियम ठेवला आणि तो सरपंचांना आधीच सांगितला तर निम्म्या चरी दिवसाढवळ्या, नीट बुजवून होतात.

पैठण डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातून तुमचा रस्ता जात असेल तर आणखी एक गोष्ट बघा. पाऊस संपून महिने झाले तरी फेब्रुवारीत अचानक रस्ता बसायला लागतो. कालव्याची पाणीपाळी चालू असते, कडेच्या उसाला पाणी बसतं आणि पाया ओला होतो. अशा तुकड्यात वर जाड थर देण्याआधी चर खोल करून पाणी तोडा. ते जमत नसेल तर तो तुकडा यंदा दुसऱ्या गठ्ठ्यात घेऊच नका.

ही सगळी कामं पूर्वी मैल कामगार, म्हणजे रस्त्याच्या देखभालीला नेमलेले खात्याचे मजूर, करायचे. मुकादमाला कुठली मोरी (रस्त्याखालून पाणी जायची लहान वाट) कधी तुंबते हे पाठ असायचं, आणि पहिल्या पावसात तो फावडं घेऊन तिथे उभा असायचा. आता माणसं निवृत्त झाली, जागा भरल्या गेल्या नाहीत. तुमच्याकडे एखादा जुना मुकादम उरला असेल तर आधी त्याच्याबरोबर रस्ता चाला. निदान मोऱ्यांची यादी तरी त्याच्याकडून लिहून घ्या.

भाराबद्दल. १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात झालेल्या चाचण्यांतून निघालेला ठोकताळा आजही चालतो: ॲक्सलवरचा (चाकांच्या आसावरचा) भार वाढला की रस्त्याचं नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढतं. आपला प्रमाण ॲक्सल ८.१६ टनांचा, त्याचं नुकसान १ धरा. १०.२ टनांच्या ॲक्सलचं २.४४ होतं. २०१८ साली केंद्राने चार टायरच्या ॲक्सलची मर्यादा ११.५ टन केली, त्याचं जवळपास ४ होतं. हे झालं कायद्यातलं. कुणी १५ टन लादून चालला तर ११ च्या वर. आणि रिकामा परतणारा तीन टनांचा ॲक्सल? ०.०२ सुद्धा नाही. म्हणून उसाच्या गाळप हंगामात साखर कारखान्याकडे जाणारी बाजू दबलेली आणि परतीची बाजू ठणठणीत दिसते. याचा फायदा घ्या. खोल दुरुस्ती, म्हणजे गेलेला तुकडा कापून खालपासून भरणं, फक्त भरल्या बाजूला करा, मग दोन्ही बाजूंवर एकच पातळ थर. पूर्ण रुंदीत सारखी जाडी देण्याची सवय महागात पडते.

वाहतूक मोजणीही त्याच हिशेबाने करा. आयआरसी ९ (इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक) प्रमाणे वर्षातून निदान दोनदा, सलग सात दिवस, चोवीस तास मोजायचं असतं. त्यातली एक मोजणी पीक काढणी आणि बाजाराच्या हंगामात हवी. जुलैमधल्या मोजणीत ऊस दिसत नाही, सोयाबीनचे ट्रक दिसत नाहीत, आणि त्यावर काढलेली जाडी कागदावरच पुरते.

दुसऱ्या गठ्ठ्यावर थर टाकण्याआधी पाया खरंच शाबूत आहे ना, एवढी खात्री हवी. एफडब्ल्यूडी किंवा बेंकेलमन बीमची चाचणी (भाराखाली रस्ता किती दबतो ते मोजणारी) मिळत असेल तर पावसाळा संपल्या संपल्या, माती ओली असताना करून घ्या. उन्हाळ्यात काळी माती दगडासारखी कडक असते आणि रस्ता आहे त्यापेक्षा मजबूत दिसतो. चाचणीला निधी नसेल तर कडेला टेस्ट पिट (तपासणीचा खड्डा) घ्या आणि थर मोजा. जीएसबीत काळी माती घुसलेली दिसली, हातात घेऊन चोळल्यावर बोटं चिकट झाली, तर तो तुकडा तिसऱ्या गठ्ठ्यात टाका, वरून कितीही बरा दिसो. उरलेल्यात आधी तडे भरायचे, जाळीदार पट्टे कापून काढायचे, मगच थर. न भरलेला तडा नव्या थरातून पुन्हा वर येतो आणि लोक म्हणतात कार्पेट निकृष्ट.

खड्डा भरण्याची पद्धत सगळ्यांना माहीत असते, करतात थोडे. चौकोनात कापा, कडा उभ्या ठेवा, सैल माल आणि धूळ काढा, तळाला आणि विशेषतः कडांना टॅक कोट (चिकटण्यासाठी डांबराचा पातळ हात) द्या, थरांत भरा, रोलर कडेकडून मध्याकडे न्या. खड्ड्यावर मालाचा उंचवटा ठेवायचा नाही, रस्त्यापेक्षा तीन-चार मिलिमीटर वर पुरे. व्हीजी ३० (डांबराची एक प्रत) चा माल पसरताना १४० अंशांच्या खाली गेलेला नसावा. प्लांट लांब असेल, डंपरवर ताडपत्री नसेल आणि सकाळी थंडी असेल तर तो साईटवर येईपर्यंत मेलेला असतो. थर्मामीटर तुमच्या खिशात असू द्या. डंपर परत पाठवला की दुपारी फोन येतात, पण दुसऱ्या दिवशी ताडपत्रीही येते.

तिसऱ्या गठ्ठ्याचं काय? तिथे फोन सगळ्यात जास्त येणार. तिथे यंदा डांबर टाकू नका. खड्डे डब्ल्यूएमएमने भरून, दाबून, पाणी बाहेर काढून रस्ता चालता ठेवा आणि पुनर्बांधणीचा प्रस्ताव निधीच्या वेगळ्या शीर्षाखाली पाठवा. गावठाणातला तुकडा असेल, घरांचं सांडपाणी रस्त्यावर येत असेल, तर तिथे डांबर कधीच टिकणार नाही. दोन्ही बाजूंनी गटार आणि काँक्रीट हाच स्वस्त मार्ग आहे, सुरुवातीला महाग वाटला तरी. फक्त काळ्या मातीवर थेट काँक्रीट ओतू नका, स्लॅबला लांब तडे जातील. आयआरसी ३७ फुगणाऱ्या मातीवर ०.६ ते १ मीटर न फुगणाऱ्या मातीचा थर सुचवते. तो मुरमाचा थर किंवा चुना मिसळून सुधारलेली माती खाली हवीच.

लोकप्रतिनिधींपुढे हे तोंडी मांडू नका. ६० किलोमीटरची एक लांब पट्टी काढा, तिन्ही गठ्ठे तीन रंगांत, खाली "यंदा केलं तर" आणि "दोन वर्षांनी केलं तर" असा खर्च. बहुतेकांना हे पटतं, फक्त त्यांच्या गावाचा तुकडा कोणत्या साली आहे ते त्या कागदावर दिसलं पाहिजे.

हातात १०० रुपये असतील तर मी असे वाटेन: चरी, मोऱ्या, साईडपट्टी आणि तडे यांना २० रुपये, दुसऱ्या गठ्ठ्याला ५५, १५ तिसऱ्याला चालतं ठेवायला, १० अतिवृष्टीसाठी राखीव. हे प्रमाण माझ्या अंदाजाचं आहे. बागायती पट्ट्यात मी पाण्यावर आणखी जास्त टाकेन, बालाघाटच्या मुरमाड भागात कमी. वेळेचं म्हणाल तर पहिले २० रुपये ३१ मेच्या आत संपले पाहिजेत. दुसऱ्या गठ्ठ्याची अंदाजपत्रकं ऑगस्टमध्ये तयार ठेवा, म्हणजे परतीचा पाऊस गेल्यावर लगेच निविदा निघते आणि कारखान्यात मोळी पडायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या, आत निदान भरल्या बाजूची खोल दुरुस्ती उरकते. मार्चमध्ये बिल काढण्याच्या घाईत टाकलेला थर मला कधीच आवडला नाही.

राहता राहिलं कोल्ड मिक्स. वापरा, पण मोजून. किलोमागे ते हॉट मिक्सपेक्षा बरंच महाग आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये प्लांट बंद असतात, आणि खड्डा तीन महिने उघडा ठेवला तर तो पायापर्यंत जातो. म्हणून वळणं, पुलाचे जोड आणि दुचाकीवाले जिथून जातात ती कड, एवढ्याच ठिकाणी. पाणी झाडून काढा, कडा सरळ करा. ५० मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर खाली खडी दाबून वर दोन थर द्या, आणि प्रत्येक थर ठोका. नुसता ओतून ट्रकच्या चाकावर सोडू नका. कारखान्याच्या गेटसमोर, जिथे भरल्या ट्रॉल्या वळतात, तिथे तो टिकत नाही. तिथे डब्ल्यूएमएम दाबून वेळ काढा आणि ऑक्टोबरमध्ये नीट कापून भरा. पेव्हर ब्लॉक नकोत. ब्लॉक राहतो आणि त्याच्या भोवतीचं डांबर तुटतं. पिशव्या मेमध्ये घ्या, सावलीत ठेवा, मुदत पिशवीवर छापलेली असते. मागच्या वर्षीच्या उरल्या असतील तर एक फोडून बघा. माल हाताने सुटा होत नसेल तर तो रस्त्यावर नेऊ नका.